गोलमागची सतरंजी

आमच्या घरात रविवारी देवपूजेच्या आधी फुटबॉलची हवा तपासली जायची. बाबा अंगठ्यांनी चेंडू दाबून बघायचे, कानाजवळ नेऊन टिचकी मारायचे आणि समाधान झालं नाही तर सायकलचा पंप काढून बसायचे. ते मूळचे कोल्हापूरचे. तिथे पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात आणि आपला संघ हरला की अख्खी पेठ तोंड पाडून हिंडते. नोकरीसाठी बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात आले, ऐरोलीत सिडकोचं छोटं घर घेतलं आणि मग त्यांना कळलं की इकडची माणसं रविवारी क्रिकेट खेळतात. "दिवसभर उन्हात नुसतं उभं ऱ्हायाचं! ह्यो काय खेळ हाय व्हय?" असं ते शेजाऱ्यांना तोंडावर विचारायचे. शेजारी मुंबईचे. ते हसायचे आणि आम्हाला फुटबॉलवाले म्हणायचे. मला त्या नावाची लाज वाटायची.

मैदान म्हणजे रबाळ्याच्या कारखान्यांमधला एक रिकामा प्लॉट. एका अंगाला डोंगराची खणलेली कड, दुसऱ्या अंगाला रंगाच्या कारखान्याची लांबलचक भिंत आणि दोन्ही टोकांना उतार. दोन्ही उतार कारखान्यांच्या आतल्या रस्त्यांवर जाऊन संपायचे. वारा फिरला की वासही फिरायचा. कधी नाक चुरचुरायचं, कधी कुठेतरी बिस्किटं भाजल्यासारखं वाटायचं आणि मला भूक लागायची. बाबांनी त्यांच्या कारखान्यातल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना गोळा करून एक संघ उभा केला होता. समोर कधी शेजारच्या कारखान्याचे लोक, कधी गोठिवलीतली पोरं. बाबा स्वतः खेळायचे नाहीत. ते रेषेवर उभे राहून रेफ्रीला अक्कल शिकवायचे आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसायचा.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. मिसरूड फुटायच्या आत तो मोठ्या माणसांच्या संघात आला, कारण तो उंच होता आणि गोलकीपर व्हायला कुणी तयार नव्हतं. बाबा म्हणायचे, "पळायचा कंटाळा म्हनून गोलात उभारलाय." दादा ते हसण्यावारी न्यायचा. त्याच्याकडे गोलकीपरचे हातमोजे नव्हते. बाबा कारखान्यातून कामगारांचे जाड चामड्याचे हातमोजे आणायचे, तेच तो घालायचा. समोरून चेंडू यायला लागला की तो दोन्ही पंजे एकमेकांवर दोनदा आपटायचा. चामड्याचा तो आवाज बोथट यायचा, टाळीसारखा नाही. बाहेर वाळत घातलेली गोधडी कुणीतरी बडवावी तसा.

आणि आई गोलच्या मागे बसायची.

याचं कारण अगदी साधं होतं. गोलला जाळी नव्हती. दोन बांबू रोवलेले आणि वर सुतळी बांधलेली. चेंडू आत गेला काय किंवा बाजूने गेला काय, तो उताराला लागून थेट रस्त्यावर जायचा. मग कुणीतरी धावत जाऊन आणायचा, तोवर खेळ थांबायचा आणि बाबा चडफडायचे. एका रविवारी आई डबा घेऊन आली आणि सावली बघून गोलच्या मागे सुबाभळीखाली सतरंजी टाकून बसली. पाय पसरलेले, डोक्यावर पदर. चेंडू तिच्याकडेच आला. तिने बसल्या जागेवरून दोन्ही पायांनी तो अडवला आणि वाटाण्याची शेंग सोलता सोलता परत ढकलला. सगळं मैदान हसलं. त्या दिवसापासून ती जागा आईची झाली.

आईच्या बोलण्याचीही इमारतीत चेष्टा व्हायची. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं बोलतात. आई जिन्यातून "आलो, आलो" म्हणत उतरली की शेजारच्या मुली तोंडावर हात धरायच्या. पण मैदानात तिची चेष्टा कुणी करत नव्हतं. चेंडू आपल्या गोलकडे यायला लागला की ती हातातलं काम थांबवून एकदाच म्हणायची, "मागं हाय मी." मोठ्याने नाही. दादाला ऐकू जाईल एवढंच. दादा मान वळवायचा नाही, फक्त एक हात पाठीमागे करून अंगठा दाखवायचा. मग दोनदा पंजे आपटायचा.

मध्यंतरात संघ बाजू बदलायचे. आई उठायची, सतरंजी झटकायची, "चल, बाजू बदलली," म्हणायची आणि आम्ही दोघी मैदानाच्या कडेकडेने दुसऱ्या गोलच्या मागे जाऊन बसायचो. मी लिंबू सरबताची किटली धरायची. सतरंजीचा एक कोपरा दादाचा होता. त्यावर त्याच्या चपला, घड्याळ आणि घडी केलेला शर्ट. तिथे मी पाय टाकला की आई चापट मारायची.

मला फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. मी शेंगांची टरफलं मोडत बसायचे. त्यामुळे त्या सगळ्या रविवारांतून माझ्याकडे गोल किती झाले, कोण जिंकलं, यातलं काही नाही. माझ्याकडे आहे ती दादाची पाठ. घामाने चिकटलेला बनियन, मानेवर आलेले केस, उन्हात लाल झालेले कान. त्याचा चेहरा मला फोटोतून आठवतो, आणि तो मग फोटोचाच चेहरा असतो. डोळे मिटले की दादा येतो तो पाठमोरा. मी कितीतरी वेळा मनातल्या मनात त्याला हाक मारून बघितली आहे. तो वळत नाही. अंगठा दाखवतो.

मी तिसरीत असताना एका रविवारी मला ताप होता. दोन दिवस उतरत नव्हता. आई घरी राहिली. बाबा आणि दादा गेले. त्या दिवशी चेंडू दादाच्या हातांखालून निसटून मागे गेला. मागे सुबाभळीखाली कुणी नव्हतं. चेंडू उताराला लागला. दादा, ज्याला पळायचा कंटाळा, तो चेंडूच्या मागे पळाला. रविवार असल्यामुळे रस्ता रिकामा असायचा. त्या दिवशी नव्हता. पाण्याचा टँकर वळत होता.

एवढंच. याहून जास्त मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या संध्याकाळचं मला आठवतं ते इतकंच, की घरात खूप माणसं होती आणि कुणीतरी माझ्या कपाळाला हात लावून म्हणालं, "हिचा ताप गेला वाटतं."

दहावा ऐरोलीच्या खाडीवर झाला. आमच्याकडे बायकाही जातात, आईने मला बरोबर नेलं. ओहोटी होती, तिवरांच्या मुळांशी चिखल उघडा पडला होता. पिंड ठेवला, त्याच्या बाजूला बुंदीचा लाडू, आणि आईने हट्टाने ठेवलेला सरबताचा पेला. सगळे मागे सरकले. कावळे होते, तारेवर ओळीने बसले होते, पण एकही खाली येईना. दादाचं मन कशात तरी अडकलंय असं सगळे पुटपुटू लागले. मग एकेकजण पुढे होऊन हात जोडून शब्द द्यायला लागला. काका म्हणाले, "आईबाबाची काळजी करू नगंस, आमी हाय." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, बहिणीचं शिक्षण करू. माझं नाव निघालं म्हणून मी आईच्या मागे लपले. बाबा पुढे झाले. त्यांचा घसा बसलेला होता, रविवारी बसायचा तसाच. ते म्हणाले, "पुन्यांदा मैदानाकडं फिरकणार न्हाई. फुटबॉलचं नाव काढणार न्हाई." एक कावळा उडाला, पिंडावरून घिरटी घालून परत तारेवर जाऊन बसला.

ऊन चढत होतं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलायला लागले. तेव्हा आई, जी दहा दिवस एक शब्द बोलली नव्हती, जागेवरूनच म्हणाली, "मागं हाय मी."

कावळा आला. तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत आला आणि पिंडाला शिवला. मी तो बघितला आहे. पुढे कॉलेजात मी अशा गोष्टींवर हसणाऱ्यांत होते, पण त्या कावळ्यावर मला कधी हसता आलं नाही.

तर असे दोन शब्द दिले गेले, आणि ते एकमेकांच्या उलटे होते. बाबांनी त्यांचा पाळला. टीव्हीवर सामना लागला की ते उठून बाल्कनीत जायचे आणि तिथल्या काहीच न लावलेल्या कुंड्यांना पाणी घालायचे. आईने तिचा पाळला. पुढच्याच्या पुढच्या रविवारी तिने सतरंजी काखेत मारली. बाबांनी दार अडवलं नाही, पण ती परत येईपर्यंत जेवलेही नाहीत. त्यांच्यात यावर एकदाही भांडण झालं नाही. झालं असतं तर घर जरा मोकळं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मी तिच्याबरोबर जायचे, कारण ती एकटी जाईल याची मला भीती वाटायची. गोलमध्ये आता दुसराच कुणी मुलगा असायचा. आई त्याच्या मागे बसायची, चेंडू अडवायची, परत ढकलायची. मध्यंतरात म्हणायची, "बाजू बदलली." कोपरा रिकामा ठेवायची. त्या मुलाला ती काही म्हणायची नाही, पण चेंडू यायला लागला की तिचे ओठ हलायचे. आणि त्या वेळी मला ते दोन बोथट आवाज यायचे. समोरचा मुलगा तर उघड्या हातांनी खेळत असायचा. मी आईकडे बघायचे. ती ऐकतेय की नाही ते कळायचं नाही. मी विचारलं नाही, कारण ती हो म्हणाली असती तर मला घाबरायला झालं असतं आणि नाही म्हणाली असती तर त्याहून जास्त.

पुढे त्या प्लॉटवर कारखाना उभा राहिला. आई दुसरं मैदान शोधायची. घणसोली, कोपरखैरणे, जिथे कुठे पोरं फुटबॉल खेळतात तिथे ती बसने जायची. पोरं तिला 'गोलवाली मावशी' म्हणायची आणि आपसात डोक्याशी बोट फिरवायची. दहावीनंतर मी तिच्याबरोबर जाणं बंद केलं. अभ्यास आहे म्हणाले. खरं म्हणजे मला ते सहन होत नव्हतं. तिची पाठ दारातून जाताना दिसायची आणि मला वाटायचं, ही माझ्या तापाची शिक्षा भोगतेय. मी आजारी पडले नसते तर ती तिथे असती. तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मी तरी रडून मोकळी झाले असते. हे माझ्या मनात इतकी वर्षं राहिलं की त्याच्यावाचून मला माझी ओळखच पटली नसती.

बाबा निवृत्त झाले, आजारी पडले, गेले. त्यांच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. आई म्हणाली, "त्यांचं काय बी मागं ऱ्हायलं नव्हतं." मग ती माझ्याकडे राहायला आली, ऐरोलीतच, खाडीच्या बाजूच्या सोसायटीत. येताना भांडी भावकीत वाटून टाकली. सतरंजी आणली.

आणि माझ्या पोटी फुटबॉल खेळणारी मुलगी यावी, याला काय म्हणायचं? मी तिला चित्रकलेला घातलं, पोहायला घातलं. ती शाळेच्या मैदानावरून गुडघे फोडून आली आणि म्हणाली, "मम्मी, मी टीममध्ये आहे." आई भाकरी करत होती. तिचा हात परातीत तसाच थांबला.

आता शनिवारी सामने असतात. मैदानाला चांगलं गवत आहे, गोलला खरी जाळी आहे, चारी बाजूंनी उंच कुंपण आहे, चेंडू रस्त्यावर जायचा प्रश्नच नाही. बाकीच्या मुलांचे आईबाप पायऱ्यांवर बसतात, मोबाइलवर शूटिंग करतात. आई जाळीच्या मागे सतरंजी टाकून बसते. माझी मुलगी पुढच्या फळीत खेळते, म्हणजे तिचे सगळे गोल दुसऱ्या टोकाला होतात आणि आजी आपल्याच गोलमागे बसलेली असते. "आजी नेहमी चुकीच्या साइडला बसते," ती घरी येऊन चिडायची. "तिने माझा एक पण गोल नीट बघितला नाही. तिला मी दिसतच नाही का?"

हे मला लागलं. माझ्या मुलीला पाठमोरं कुणी नको होतं, तिला समोर आजी हवी होती. मी आईला समजावलं. म्हटलं, "आई, तिथे जाळी आहे आता. चेंडू अडतो. तू पायऱ्यांवर बस ना आमच्यात, पोरीला बरं वाटेल." आई म्हणाली, "जाळीला भोकं असत्यात."

मी चिडले. तोंडात आलं होतं की मेलेल्या मुलासाठी जिवंत नातीकडे पाठ फिरवून किती दिवस बसणार आहेस? बोलले नाही. पण त्या शनिवारी मी ठरवून गेले होते की आज हे संपवायचं. पोरगी दुखावली जातेय आणि हे असंच चालू राहिलं तर ती आजीपासून तुटेल, मला तेवढं स्पष्ट दिसत होतं.

त्या दिवशी त्यांच्या संघाची गोलकीपर मनगट दुखावून बसली. सरांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यातल्या त्यात उंच म्हणून माझ्या मुलीला बोलावलं. तिने हातमोजे घातले. नवे, हिरव्या रंगाचे, मऊ. गोलमध्ये जाऊन उभी राहिली, आणि तिने दोन्ही पंजे एकमेकांवर दोनदा आपटले.

तिला हे कुणी शिकवलेलं नाही. तिच्यासमोर मामाचा विषय आम्ही कधी धड काढलेला नाही. टीव्हीवर बघितलं असेल, सगळेच गोलकीपर करत असतील, मी स्वतःला हे सगळं सांगितलं. पण मी पायऱ्यांवरून उतरले होते आणि कुंपणाच्या कडेने जवळजवळ पळत आईकडे चालले होते.

आई नेहमीसारखीच बसली होती, पाय पसरून. फक्त तिने पदर डोक्यावरून मानेवर घेतला होता. मी शेजारी बसले. तिने न बघता म्हटलं, "अलीकडं सरक. कोपरा सोड."

मी सरकले. समोर माझ्या मुलीची पाठ. घामाने चिकटलेला शर्ट, मानेवर आलेले केस, लाल झालेले कान. जाळीच्या चौकटींतून दिसणारी.

"त्या दिवशी तुझा ताप दुपारीच उतारला हुता," आई म्हणाली.

इतक्या वर्षांत ती त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलत होती.

"मी तयार हुतो. सतरंजी काखंत मारलीवती. मॅच सुरू व्हायला येळ हुता, रिक्षानं पोचलो असतो. तू माझं बोट धरून झोपलीवतीस. सोडवाय गेलो, तर झोपंतच घट्ट धरलंस. म्हटलं, ऱ्हाऊ दे आजच्या दिवस."

"मग मला उठवायचं ना, आई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा ऐकू आला.

"का उठवायचं? दोन रात्री तळमळत हुतीस." ती समोर बघत होती. चेंडू मैदानाच्या त्या टोकाला होता. "लई वर्सं इचार केला मी. फिरून त्यो दिवस आला, तर काय करीन? तर बोट न्हाई सोडवणार. दर बारीला तुझ्यापाशीच बसतो मी. आन् दर बारीला त्यो जातो." तिने नाक पदराला पुसलं. "दोघांच्या मागं एका टायमाला कसं बसायचं गं? तूच सांग की."

मला ते बोट आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला आहे, तेव्हापासून रोज करतेय, पण ते धरल्याचं मला आठवत नाही. मी आयुष्यभर समजत होते की आई माझ्यामुळे तिथे पोचू शकली नाही. ती निघाली होती, आणि मग माझ्यासाठी थांबली होती, आणि विचारलं तर पुन्हा थांबणार होती. मला हलकं वाटलं नाही. मला खूप रडू आलं आणि मी रडले, पायऱ्यांवरचे आईबाप बघत असताना. आईने मला रडू दिलं. तिचं लक्ष चेंडूवर होतं.

शिट्टी झाली. मध्यंतर.

"ऊठ," आई म्हणाली. "बाजू बदलली."

तिच्या गुडघ्यांमुळे आता तिला हात द्यावा लागतो. सतरंजी मी काखेत घेतली. आम्ही मैदानाच्या कडेकडेने दुसऱ्या गोलमागे गेलो. माझी मुलगी पाणी पिऊन आली, आम्हा दोघींना तिथे बसलेलं बघून तिने भुवया उंचावल्या. खेळ सुरू झाला. समोरच्या संघाची एक दांडगी मुलगी चेंडू घेऊन निघाली, आमच्या मुलींना चुकवत गोलकडे यायला लागली. आईचे ओठ हलायला लागले. आवाज येईना. मग मीच म्हणाले, माझ्या पुस्तकी मराठीत नाही, तिच्याच बोलीत, आणि जरा जास्तच मोठ्याने: "मागं हाय मी!"

माझी मुलगी गर्रकन वळली. पूर्ण वळली. घामेजलेला, लाल, वैतागलेला तिचा अख्खा चेहरा आमच्याकडे.

"कळलं गं! दोघी गप्प बसा ना!"

आणि परत फिरून तिने चेंडूवर झेप घेतली. तो तिच्या पोटाशी अडकला. पायऱ्यांवर टाळ्या वाजल्या.

आईने सतरंजीच्या रिकाम्या कोपऱ्यावरची सुरकुती हाताने सारखी केली.

"दोघी कुठं?" ती म्हणाली. "तिघं हाय."

तिघी नाही म्हणाली. ओरडताना मी पुढे सरकले होते आणि माझं पाऊल त्या कोपऱ्याच्या कडेवर गेलं होतं. मी ते हळूच मागे घेतलं.